तांबड्याने चारा सोडला

बाबा गेले त्या श्रावणात आमच्या घरात दोघांनी खाणं सोडलं. एक आमचा तांबडा बैल आणि दुसरी आई. तांबड्याची बातमी गावभर झाली. लोक त्याला बघायला गोठ्यात येऊन गेले, उभ्या उभ्या औषधं सांगून गेले. आईपुढे मात्र रोज कोणी ना कोणी ताट ठेवत होतं, आणि रोज ते ताट जसंच्या तसं उचललं जात होतं. घरातला माणूस गेल्यावर बाई जेवत नाही, हे लोकांनी गृहीतच धरलेलं असतं. बैल जेवत नाही म्हटल्यावर सगळ्यांना नवल वाटतं.

मी शेगावला राहते. नवऱ्याचं स्टेशनजवळ किराणा दुकान आहे. माहेर जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्नाआधी मी त्याच गोठ्यातलं शेण काढत होते, त्यामुळे बैलांबद्दल मी फार हळवी वगैरे नाही. जनावरांच्या तोंडी माणसांची वाक्यं घालणाऱ्यांचा मला राग येतो. फोनवर येणारे रडणाऱ्या गाईचे व्हिडिओ मी न बघता पुसून टाकते. गाईच्या डोळ्यांतून पाणी यायला माशीही पुरते, हे गोठ्यात वाढलेल्या कोणालाही माहीत असतं. म्हणून पुढे जे लिहिते आहे, ते मी पाहिलं तेवढंच लिहिते आहे.

आमच्याकडे एकच जोडी होती, तांबडा आणि पांढरा. नांगरणी, पेरणी आता भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. पण कपाशी गुडघ्याएवढी झाली की तण काढायला दोन ओळींमधून डवरा फिरवायचा तर बाबांना बैलच लागायचे. ट्रॅक्टरला झाड दिसत नाही, असं ते म्हणायचे. पांढरा अंगानं थोराड आणि महालबाड होता. काम संपत आलं की पुढचा पाय लंगडत टाकायचा आणि जू मानेवरून उतरलं की त्याच पायानं गोठ्याकडे पळत सुटायचा. बाबा त्याला शिव्या द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फसायचे. तांबडा वेगळा. ओळ संपली की वळायचं कुठे, हे त्याला सांगावं लागत नसे. एकदा भर ओळीत तो थांबला तो थांबलाच. बाबांनी आवाज दिला, शेपटी पिरगाळली, तरी हलेना. खाली वाकून पाहिलं तर टिटवीची अंडी. अंड्यांसाठी थांबला की टिटवी समोर ओरडत होती म्हणून बिचकला, ते मला सांगता येणार नाही. बाबांनी तेवढी जागा सोडून डवरा उचलून पुढे नेला, आणि नंतरच्या प्रत्येक फेरीला तांबडा तिथे आपणहून बाजूला सरकला. एवढं मात्र खरं, कारण त्या दिवशी डबा घेऊन मी बांधावर उभी होते.

बाबा गेले तेही शेतातच. डवरणी चालू होती. छातीत कळ आली म्हणून ते बांधावर बसले आणि आडवे झाले. आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे ते काका धावत आले, गाडी बोलावली, जळगाव जामोदच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी नुसती मान हलवली. या सगळ्या धावपळीत बैल जुंपलेलेच राहिले. काका म्हणाले की ते दवाखान्यातून परत आले तेव्हाही डवरा जमिनीत होता तसाच होता. पांढऱ्यानं मान लांबवून दोन्ही बाजूंची कपाशी ओरबाडून खाल्ली होती. तांबड्याच्या बाजूची झाडं शाबूत होती.

त्या दिवसापासून तांबड्याचं खाणं कमी झालं. आधी कडबा उरायला लागला, मग हिरवं गवतही. सरकीची ढेप भिजवून समोर ठेवली की हुंगायचा आणि मान वळवायचा. पांढऱ्याची चंगळ झाली, तो दोघांचं खात होता. माझ्या धाकट्या भावानं जळगावहून जनावरांचे डॉक्टर आणले. चांगला माणूस. त्यांनी ताप पाहिला, पोटाला कान लावला, जीभ बाहेर ओढून तोंडात टॉर्च मारला, वायर-खिळा काही गिळलं असेल म्हणून बराच वेळ चाचपलं. सलाइन लावलं, भुकेची पावडर दिली. जाताना हात धुता धुता भावाला म्हणाले, "आजार म्हनावा असं काही सापडून नाही राह्यलं. रोजच्या हातातला मानूस गेला का करतात जनावरं असं. पन लय दिवस नाही चालत हे. वाट पाहा आन् पानी पाजत राहा."

वाट पाहणं आमच्या लोकांना जमत नाही. चुलतीनं मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. कोणी म्हणालं मारोतीला फेऱ्या घाला. एक म्हातारी म्हणाली, "त्याले मयत दाखवा लागत होतं. पाह्यलं असतं तं समजलं असतं त्याले." बाबांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो, ते ओट्यावर बसून सरळच बोलले. "काऊन जीव लावून बसले बे? टॅक्टर हाये भाड्यानं. तेरवी झाली का देऊन टाका जोडी. मेला तं दारात मरन, आधीच घराले एक मयत झालं."

आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या आईनं ते ऐकलं. दिवसभर तिच्याजवळ बायका येत, रडत, जात. ती चहा तेवढा घ्यायची, तोही अर्धा. मी तिच्यापुढे वरणभात कालवून बसायचे, ती म्हणायची, "ठेव, खातो मंग." मी चिडायचे. एकदा तर सगळ्यांसमोर बोलले की तू काय बाबांच्या मागे जायचं ठरवलं आहेस का. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "उतरतच नाही वं खाली. मी काय करू?" तिच्या हातातल्या बांगड्या काढल्या होत्या आणि मनगटं इतकी बारीक दिसत होती की मला पुढे बोलवलं नाही. पण माझी भीती खरी होती. शुगरची गोळी ती उपाशीपोटी घेत होती, उठताना दाराची चौकट धरत होती.

अशात पोळा तोंडावर आला. तेरवीच्या आधीच. सुतकाच्या घरात सण नसतो. पण बैलांना सुतक नसतं असं आमच्याकडे मानतात. वर्षभर राबलेल्या जनावराचा तो एकच दिवस, माणसाच्या दुःखापायी तो बुडवायचा नाही. म्हणून सुतक असलेल्या घरचे बैल भावकीबाहेरच्या कोणाकडे तरी नेतात आणि त्या घरी त्यांचा पोळा होतो. आमची जोडी बांधशेजारच्या काकांकडे न्यायचं ठरलं. भावकीतल्या सगळ्यांना ते पसंत पडलं. मोठे बाबा म्हणाले की जागा बदलली, रडारड कानाआड झाली, म्हणजे बैल खायला लागेल. मलाही ते पटलं होतं. त्याचं भलं करायचं म्हणूनच आम्ही त्याला घराबाहेर काढलं. एकट्या आईनं विचारलं, "तो राहीन का तिकडं?" पण त्या दिवसांत तिला कोण विचारत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून, पळसाच्या पानानं, जू जिथे घासतं त्या जागी. आणि शेकताना बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं म्हणतात. काकांनी ते सगळं आमच्या जोडीचं अगदी मनापासून केलं. पांढऱ्यानं तूप लावणारा हात चाटून घेतला. तांबड्यानं खांदे शेकून घेतले, आवतण ऐकून घेतलं, आणि काकांच्या गोठ्याच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला तो बसलाच नाही. पोळ्याच्या दिवशी त्याला धुतलं, शिंगं रंगवली, झूल घातली. तोरणाखाली तो उभा राहिला. परत आल्यावर काकूंनी ओवाळून पुरणाची पोळी समोर धरली. त्यानं तोंड फिरवलं. पाणी दाखवलं, तेही प्यायला नाही.

दिवस मावळायच्या आत काका जोडी घेऊन आमच्या दारात आले. तांबड्याच्या शिंगांना अजून लाल रंग, गळ्यात कागदी फुलांची माळ, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. सुतकाच्या घरी सजवलेला बैल आणायचा संकोच काकांच्या तोंडावर होता. ते भावाला म्हणाले, "माह्याकडं पानीबी पेऊन नाही राह्यला. माह्या हातून काही झालं तं मी तुमाले काय तोंड दाखवू? त्याच्या जागेवर बांधा त्याले."

जागेवर बांधल्यावर तो बादलीभर पाणी प्यायला. पण चारा नाहीच. आणि बसला. बैलानं बसणं वाईट नाही, पण हा ज्या पद्धतीनं बसला, आधी पुढचे गुडघे आणि मग सगळं अंग सोडून दिल्यागत, ते बघून भाऊ गोठ्याबाहेर निघून गेला. त्याला मी बाबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कर होती. काका सकाळी पुन्हा आले. आम्ही गोठ्याच्या तोंडाशी उभे होतो. भाऊ म्हणाला की डॉक्टरांना परत बोलावतो. काका खाली बघत म्हणाले, "मी एक सांगू का? सुतकाच्या घरी असं बोलाव का नाही, मले समजून नाही राह्यलं. तो तुह्या बापाबरोबर जेवे."

"म्हंजे?" भावानं विचारलं.

"म्हंजे बरोबरच. दुपारी औत सोडलं का तुहा बाप निंबाखाली बसे, शिदोरी सोडे. पांढरा तं कडबा टाकला का तुटून पडे. हा नाही. हा उभा राहे. तुह्या बापानं पयला घास तोंडात घातला का मंग याची मान खाली जाये. कदी कदी तुहा बाप मुद्दाम थांबे, याची गंमत पाहाले. हा फुरफुर करे, पन चाऱ्याले तोंड नाही लावे. किती वर्षं मी बांधावरून पाहून राह्यलो. त्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच झालं सारं. शिदोरी फांदीलेच राह्यली."

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. दुपारच्या वेळी घरचं कोणी शेतात क्वचितच असायचं, आणि कधी डबा पोहोचवायला गेलो तरी आम्ही लगेच माघारी फिरायचो. बाबांनीही घरी कधी सांगितलं नाही. सकाळी न्याहारीचं ताट घेऊन ते गोठ्यात जाऊन बसायचे, ते आम्ही बघत होतो. घरात मुलांचा गोंगाट असतो म्हणून जातात, असं वहिनी, भावाची बायको, समजायची आणि मनाला लावून घ्यायची.

भावानं लगेच वहिनीला ताट वाढायला सांगितलं. शेजारून आलेली पोळी, बटाट्याची भाजी, भात. तो तांबड्यासमोर मांडी घालून बसला आणि आम्ही सगळे उभे राहून त्याचं जेवण बघत होतो. त्याला लाज वाटत होती, घास घशाखाली ढकलत होता. तांबड्यानं एकदा मान वर करून ताट हुंगलं. मग जोरात श्वास सोडून हनुवटी परत जमिनीवर टेकवली. भावानं सगळं ताट संपवलं. पांढऱ्यानं त्याच्या शर्टाची बाही चाटली. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसले असते.

मागे वळून बघते तर आई दारात. आतल्या खोलीतून ती कधी उठून आली, काकांचं बोलणं तिनं किती ऐकलं, कोणाला कळलं नाही. चौकट धरून उभी होती. ती वळली, परसातल्या चुलीपाशी गेली आणि डब्यातलं कळण्याचं पीठ काढलं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून, मीठ घालून केलेली ती भाकर बाबा रोज नेत. बाबा गेल्यापासून तो डबा कोणी उघडला नव्हता.

चुलती धावली. "अवो काय करून राह्यल्या? सुतक फिटलं नाही अजून. चुलीपाशी नोका जाऊ."

"देवाले नैवेद्य नाही करून राह्यली बाई," आई म्हणाली. "बैलाले भाकर करून राह्यली."

पहिली भाकर थापताना फाटली. ती मोडून तिनं पुन्हा गोळा केला. मी लाकडं पुढे सारली, बाकी कशाला हात लावू दिला नाही तिनं. तव्यावरची भाकर उचलून विस्तवाशी उभी केली, फुगू दिली, मग खलबत्त्यात मिरच्या आणि लसूण ठेचला. सगळं बाबांच्या फडक्यात बांधलं. घरात खायचं असताना फडक्यात कशाला, असं चुलती पुटपुटली. मला वाटतं, आईला दुसऱ्या कशात ठेवायचं सुचलंच नाही. तिनं आयुष्यभर ती भाकर फडक्यातच बांधली होती.

गोठ्यात येऊन ती तांबड्यासमोर बसली आणि गाठ सोडली. वास सुटला. तांबड्याचे कान आधी हलले. मग त्यानं मान उचलली, नाकपुड्या फुलवल्या, आणि मागचे पाय रोवून उठला. उठताना तोल गेला, दाव्याचा ताण बसला, पण उठला. भावानं पटकन हिरव्या गवताचा भारा त्याच्यापुढे सोडला. तांबड्यानं गवताकडे पाहिलंही नाही. आईनं अर्धी भाकर मोडून हातावर धरली, त्याच्या तोंडाशी नेली. "घे रे बापा," ती म्हणाली. "घे. तुह्या धन्याचीच हाये."

त्यानं भाकर हुंगली. तिचा हात हुंगला, मनगट हुंगलं. भाकर घेतली नाही. एक पाऊल मागे सरकून तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

आईचा हात तसाच पुढे राहिला. मला रडू आवरेना, मला वाटलं संपलं आता. तेव्हा गोठ्याच्या तोंडाशी उभे असलेले काका हळूच म्हणाले, "वयनी, पयले तुमाले खा लागन."

कितीतरी ताटं तिच्यापुढून उचलून नेली होती आम्ही. मी रागावून पाहिलं होतं, वहिनीनं हात जोडून पाहिलं होतं, मोठ्या बाबांनी बाबांची शपथ घातली होती. आईनं हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मग बैलाकडे. त्याच्या पोटाची खळगी आत गेली होती आणि शिंगांवरचा पोळ्याचा रंग तेवढा ताजा होता. तिनं एक तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला.

तिला चावता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जबडा हळूहळू हलत होता. घास गिळताना तिनं छातीवर हात दाबून धरला. मी पाणी पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही. घास खाली गेला.

तांबड्याची मान खाली आली. त्यानं गवताची एक काडी ओढली, मग तोंडभर गवत. दातांचा तो कुर्र कुर्र आवाज गोठ्यात ऐकू यायला लागला आणि आमच्यातलं कोणी हललं नाही.

आई थांबली होती. पदरानं डोळे पुसत होती. तर याचं तोंडही थांबलं. गवताचे तुरे ओठांतून बाहेर लोंबत होते आणि तो तिच्याकडे बघत होता. त्या बघण्याचा अर्थ मी लावणार नाही, मी आधीच सांगितलं आहे. आई त्याला म्हणाली, "खातो ना बापा, खातो," आणि तिनं दुसरा घास घेतला. तिसरा जरा मोठा घेतला. तो खात राहिला. शेवटचा तुकडा तिनं त्याच्यापुढे धरला तेव्हा त्यानं तो जिभेनं ओढून घेतला.

वहिनी फडकं घ्यायला वाकली. आईनं तिचा हात बाजूला केला आणि फडक्याची घडी करून कमरेला खोचली.

"राहू दे," ती म्हणाली. "आता मले रोज जेवा लागन."